बटाट्याच्या बंदुकीत काय भरावे?

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

सुट्टी जवळ आली की मुलांच्या आणि काही हौशी पालकांच्या डोक्यात जे उद्योग शिरतात, त्यांत अलीकडे घरी बनवलेल्या हवेच्या बंदुकीचा समावेश झाला आहे. प्लंबिंगच्या दुकानातून आणलेली पाइप, एक हवाबंद टाकी, मध्ये झटकन उघडणारा व्हॉल्व्ह आणि सायकलचा पंप एवढ्या सामग्रीवर ती उभी राहते. तिच्या तोंडात बटाट्याची गुडदी ठोकून ती उडवतात, म्हणून तिला बटाट्याची बंदूक म्हणतात. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘निशाणा साधणारे यंत्र’ म्हणून ती मांडावी का, आणि मांडायची तर तिच्यातून नेमके काय मारावे, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. सारी नोकरी भौतिकशास्त्र शिकवण्यातच घालवली असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि अर्धवट उत्तर दिलेले बरे नव्हे, म्हणून आपल्या वाचकपत्रांच्या सदराचा आधार घेत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

विचारणारी मंडळी बहुधा यंत्र पूर्ण झाल्यावर येतात. टाकी किती लिटरची, पाइप किती इंचांची, दाब किती हे सगळे ठरलेले असते आणि गोळा कोणता हा प्रश्न शेवटाला राहिलेला असतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. गोळ्याचे वजन, त्याचा मऊपणा आणि त्याचा आकार आधी ठरवावा, त्याला किती वेग झेपेल व शोभेल ते पाहावे, आणि मगच पाइप व दाब यांच्याकडे वळावे. नेम लागणे आणि कोणाला इजा न होणे या दोन्ही गोष्टी सगळ्यात जास्त गोळ्यावर अवलंबून असतात.

बटाट्यापासूनच सुरुवात करू. बेळगावहून आपल्या बाजारात येणारा साधा बटाटा पाण्यापेक्षा किंचित जड असतो. पाच सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच लांबीची गुडदी कापली तर ती शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. पाइपची कड धारदार केली की बटाटा दाबून बसवताना गुडदी आपोआप त्याच मापाची कापली जाते, तिच्या रसाने नळी आतून ओली होऊन घर्षण कमी होते आणि हवा बाजूने निसटत नाही. बटाट्याची ख्याती आहे ती एवढ्याच कारणामुळे. निशाणा साधण्याच्या दृष्टीने मात्र तो फार सामान्य प्रतीचा गोळा आहे. एक बटाटा जुना आणि सुकलेला, दुसरा ताजा आणि रसाळ, त्यामुळे दोन गुडद्यांचे वजन सारखे येत नाही आणि त्या नळीत सारख्या घट्टही बसत नाहीत. वजन आणि घर्षण बदलले की वेग बदलतो, वेग बदलला की गोळा वर किंवा खाली लागतो. शिवाय आखूड दंडगोलाला हवेत स्थिर राहण्याचे काही कारणच नसते. नळीतून सुटल्याबरोबर तो कोलांट्या घेऊ लागतो आणि प्रत्येक कोलांटीत हवेचा विरोध वेगळ्या बाजूने लागतो. दहा पावलांवरच्या फळीवर पाच गुडद्या मारून पाहिल्या तर पाच जागी ओले डाग दिसतात.

आता हिशेब पाहा. शंभर ग्रॅमची गुडदी सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी बहात्तर किलोमीटर वेगाने सुटली, तर तिच्यात २० ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग तीस मीटरवर गेला की ऊर्जा ४५ ज्यूल होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हा २० चा आकडा मी उगाच घेतलेला नाही. केंद्र सरकारच्या शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवाई बंदुकीची तोंडाशी मोजलेली ऊर्जा २० ज्यूलहून अधिक आहे किंवा जिच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरहून मोठा आहे, ती परवान्याच्या कक्षेत येते. बटाट्याची बंदूक या दोन कसोट्यांपैकी पहिली सहज ओलांडू शकते आणि दुसरी तर तिने जन्मतःच ओलांडलेली असते. मुलांच्या खेळाला शस्त्र म्हणायचे की नाही, हा वाद कोणी घालू शकेल. पण पालकांनी आणि शिक्षकांनी हा नियम ठाऊक नसल्यासारखे वागू नये. हवेच्या बंदुकीला खेळणे समजणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफली प्रत्यक्ष लष्करात वापरल्या होत्या.

बटाटा नको तर काय, यावर प्रत्येकाची एक सूचना असते आणि आपल्या गोव्यात तर आवारात हात घातला की काही ना काही गोल सापडते. सुपारी, आंब्याची कोय, सुरूची बोंडे, गळून पडलेले नारळाचे कोवळे बोंड, काजूची बी, गोट्या, खडे. यांतले एकही नळीत घालू नये. सुपारी आणि गोटी टणक असल्यामुळे आदळल्यावर स्वतः दबत नाहीत, त्यामुळे सगळा धक्का समोरच्या वस्तूला क्षणार्धात बसतो. चिऱ्याच्या भिंतीवर आदळली तर ती कोणत्या दिशेला उसळेल याचा भरवसा नाही, कारण चिऱ्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि भोकाभोकांचा असतो. काजूच्या बीची तर आणखी एक खोड आहे. साल फुटून तेल उडाले की कातडी भाजते, हे आपल्याकडे काजू सोलणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे. काजूचे बोंड मऊ असते हे खरे, पण त्याचे वजन एका फळागणिक बदलते, त्याच्या रसाचे डाग कपड्यावरून जात नाहीत आणि नळी दोन दिवसांत आंबते. केळीच्या खांबाचा गाभा त्यातल्या त्यात बरा, कारण तो हवा तसा कापता येतो आणि आदळल्यावर चुरगळतो, पण त्यात जवळजवळ सगळे पाणीच असल्यामुळे वजनाच्या बाबतीत तो बटाट्याचाच भाऊ आहे.

मऊ असणे पुरेसे नाही, हलकेही असले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. पाच सेंटिमीटरची तीच गुडदी गादीच्या साध्या स्पंजमधून कापली तर ती जेमतेम तीन ग्रॅम भरते. टेबल टेनिसचा चेंडू नियमाप्रमाणे ४० मिलिमीटर व्यासाचा आणि २.७ ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदाला तीस मीटर वेगाने सुटला तरी त्याची ऊर्जा सव्वा ज्यूलच्या आत राहते, म्हणजे त्याच वेगाच्या बटाट्याच्या सदतिसाव्या भागाइतकी. हलक्या गोळ्याचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. हवेचा विरोध गोळ्याच्या आकारावर अवलंबून असतो, वजनावर नाही, त्यामुळे हलका गोळा झपाट्याने मंदावतो. गणित करून पाहिले तर टेबल टेनिसचा चेंडू साडेपाच मीटरांच्या आसपास आपला निम्मा वेग गमावतो. बटाट्याच्या गुडदीला निम्मा वेग गमावायला साठेक मीटर लागतात. नेम चुकला तर चेंडू अंगणातच पडतो. बटाटा मात्र कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या पडवीत जातो आणि आपल्या वाड्यांतली घरे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे सांगायला नको.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो सर्वांत धोक्याचा आहे. गोळा हलका घेतला म्हणजे बंदूक आपोआप निरुपद्रवी झाली, असे मुळीच नाही. टाकीतली हवा जेवढे काम करू शकते तेवढे ती करणार. गोळा हलका असेल तर तो अधिक वेगाने सुटेल. चार सेंटिमीटर व्यासाच्या आणि अर्धा मीटर लांबीच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा केवळ एक बार (साधारण वातावरणाच्या दाबाइतका) जास्त दाब शेवटपर्यंत टिकला, तर कागदावरच्या हिशेबाने गोळ्यावर साठ ज्यूलहून अधिक काम होते. घर्षणात आणि गळतीत त्यातले बरेच वाया जाते, पण उरते तेही थोडे नसते. महाविद्यालयांत एक प्रयोग दाखवतात. नळीतली हवा पंपाने काढून टाकायची, दोन्ही टोके चिकटपट्टीने बंद करायची आणि एका टोकाची पट्टी फोडून बाहेरच्या हवेला टेबल टेनिसचा चेंडू ढकलू द्यायचा. तो चेंडू ध्वनीच्या वेगाच्या जवळ जातो आणि पत्र्याचा डबा फोडून आरपार निघतो. चेंडू तोच, अडीच-तीन ग्रॅमचा. म्हणून गोळा निवडताना दाबही त्याच्याबरोबर निवडावा लागतो.

मग दाब किती ठेवावा? माझे उत्तर ऐकून मुले हिरमुसतात. एक मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा जेवढा दाब, तेवढा. म्हणजे एका बारचा दहावा भाग, तोंडाने पूर्ण जोर लावून फुंकल्यावर छातीतून जेवढा दाब निघतो साधारण तेवढाच. दोन लिटरच्या टाकीत एवढ्या दाबाने हवा भरली, तर तिच्यातून सगळे मिळून एक ज्यूलच्या आसपास काम निघते, त्याहून अधिक निघूच शकत नाही. टेबल टेनिसच्या चेंडूला किंवा स्पंजच्या गुडदीला पाच-सहा मीटरांवरच्या निशाण्यापर्यंत नेण्यास ते भरपूर आहे. हा दाब मोजायला महागडे मापक लागत नाही. गवंडी पातळी काढण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतात, ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवावी, तिच्यात रंगीत पाणी भरावे आणि एक टोक टाकीला जोडावे. दोन्ही बाजूंच्या पातळीत जेवढा फरक, तेवढा पाण्याचा दाब. या मापनाचा गुण असा की कोणी अति उत्साहाने पंप मारलाच तर नळीच्या उघड्या टोकातून पाणी उडून बाहेर पडते आणि पाठोपाठ हवाही निघून जाते. दाब मोजणारे साधन हेच दाबाला आळा घालणारे साधन होते. प्रदर्शनात परीक्षकांना समजावून सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे, धडाका नव्हे.

टायरवाल्याचा कॉम्प्रेसर मात्र यापासून शेकडो कोस दूर ठेवावा. पाण्यासाठी बनवलेल्या पीव्हीसी पाइपवर जो दाब छापलेला असतो तो पाण्यासाठी असतो, हवेसाठी नव्हे. दोन लिटर पाणी चार बार दाबाखाली ठेवले आणि पाइपला तडा गेला, तर पाण्याच्या दबण्यात साठलेली ऊर्जा एका ज्यूलच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. थोडे पाणी उडते आणि काम संपते. तेवढ्याच जागेत तेवढ्याच दाबाने हवा भरली असेल, तर साठलेली ऊर्जा आठशे ज्यूलच्या घरात जाते आणि ती पाइपच्या धारदार ठिकऱ्या चारी दिशांना फेकण्यात खर्च होते. पाइप बंदुकीच्या तोंडाकडून फुटत नाही, ती मारणाऱ्याच्या हाताशी फुटते. जी पाइप उन्हात वर्षभर पडून राहिली आहे ती तर आणखी ठिसूळ झालेली असते.

आता पुन्हा गोळ्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. स्पंजची नुसती गुडदीही बटाट्याप्रमाणेच कोलांट्या खाते. तिला सरळ कसे उडवावे याचे उत्तर नेमबाजीच्या खेळात फार पूर्वी सापडलेले आहे. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत जी शिशाची गोळी वापरतात ती ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे अर्ध्या ग्रॅमची असते. तिचे डोके भरीव, मधली कंबर बारीक आणि मागचा भाग झग्यासारखा पोकळ व पातळ असतो. मागून हवा लागली की तो पातळ घेर फुगून नळीला चिकटतो, त्यामुळे हवा निसटत नाही. बाहेर पडल्यावर भरीव डोके पुढे राहते आणि हवेचा विरोध मागच्या घेरावर पडतो, त्यामुळे गोळी वाकडी होऊ लागली की तिला पुन्हा सरळ केले जाते. बॅडमिंटनच्या फुलाचे तत्त्वही हेच. वजन पुढे, विरोध मागे.

हीच रचना स्पंजमध्ये करता येते आणि ती मुलांनी स्वतः करावी अशी आहे. नळीच्या आतल्या व्यासापेक्षा अगदी किंचित मोठी, बोटाने ढकलल्यावर सरकेल पण उलटी धरली तर पडणार नाही, अशी स्पंजची गुडदी कात्रीने कापावी. स्पंज ओला करून गोठवून कापला तर कड एकसारखी येते, फक्त नंतर तो पूर्ण वाळवावा. गुडदीच्या पुढच्या तोंडात लहानसा खळगा करून मऊ रबराचा, पेन्सिल खोडण्याच्या रबरासारखा, एक-दोन ग्रॅमचा तुकडा खोलवर चिकटवावा आणि त्यावर पुन्हा स्पंजचा थर द्यावा, म्हणजे आदळताना रबर आधी लागणार नाही. मागच्या बाजूला पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची किंवा जुन्या मलमलीची वीतभर चिंधी शेपटीसारखी लावावी. खिळा, टाचणी, नट किंवा तार वजनासाठी घालू नये, गुडदी फाटली की तेच पुढे येते. अशा दहा गुडद्या करून सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलाव्यात आणि ज्यांचे वजन इतरांपासून फार वेगळे असेल त्या बाजूला काढाव्यात. नेम सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. दाब वाढवून नेम सुधारत नाही, गोळे सारखे केल्याने सुधारतो.

आपल्या हवेसाठी एक खास सूचना. स्पंज पाणी शोषतो, आणि पूर्ण भिजलेली गुडदी तीन ग्रॅमची न राहता बटाट्याइतकीच जड होते. पावसाळ्यात किंवा दव पडलेल्या गवतावर एकदा मारलेली गुडदी पिळून लगेच पुन्हा भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. दमट दिवसांत कागदाचे बोळेही असेच फुगतात, नळीत अडकतात आणि अडकलेला बोळा काढायला कोणीतरी तोंडात डोकावते. दाब पूर्ण सोडल्याखेरीज नळीच्या पुढच्या तोंडाजवळ चेहरा नेऊ नये आणि अडकलेला गोळा मागून काठीने ढकलावा, हवेने नव्हे.

डोळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. डोळ्याभोवतीची हाडाची खोबण साधारण चार सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच असते. क्रिकेटचा चेंडू तिच्यापेक्षा मोठा असल्यामुळे त्याचा बराच मार कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर बसतो. याउलट स्क्वॉशचा चेंडू आणि बॅडमिंटनचे फूल त्या खोबणीत बसण्याजोगे असल्यामुळे ते थेट बुबुळावर आदळतात, आणि नेत्रतज्ज्ञांना या दोन खेळांची धास्ती वाटते ती याच कारणाने. घरगुती बंदुकीच्या नळ्या नेमक्या याच मापाच्या असतात. म्हणून गोळा कितीही मऊ असला तरी उभे राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा बंद चष्मा हवा, नेहमीचा नंबरचा चष्मा त्या कामाचा नाही. पेंटबॉलच्या खेळात जिलेटिनच्या वेष्टनातली जेमतेम तीन ग्रॅमची रंगाची गोळी वापरतात, तरीही मैदानात मुखवटा काढण्याची परवानगी नसते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गनमुळे कितीतरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, त्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. त्या नळीत तर गोळाही नसतो, नुसता ॲसिटिलीन वायूचा भडका असतो. शेतातली माकडे पळवायला आपल्या भागातही तसल्या नळ्या वाजवल्या जातात. हवेच्या बंदुकीचा आणि तिचा काही संबंध नाही, पण दुकानात दोन्हींची पाइप एकच मिळते आणि मुले एकीवरून दुसरीकडे वळायला वेळ लावत नाहीत. जाळण्याजोगा कोणताही वायू किंवा फवारा या यंत्राच्या जवळपास असू नये.

निशाणा कसा असावा, हेही गोळ्यावरूनच ठरते. भिंतीवर खडूने काढलेले वर्तुळ किंवा उभी फळी नको. जुनी गोधडी दोरीवर टांगावी, खालचे टोक मोकळे ठेवावे आणि तिच्यापुढे कागदाचे चक्र लावावे. गोळा लागल्यावर गोधडी मागे झुलते आणि त्याचा वेग स्वतःत जिरवते, तो उसळून परत येत नाही. गोधडीच्या मागे दरवाजा, वाट किंवा गोठा असू नये, एवढे पाहावे. कुत्री, मांजरे, पक्षी आणि माकडे यांच्यावर नेम धरणे हा खेळ नव्हे आणि कायद्यालाही ते मान्य नाही.

ज्यांना यातून खरोखर काही शिकायचे आहे, त्यांनी वेग मोजावा. त्याला लागतात एक मोबाइल आणि एक टेप. नळीचे तोंड आणि पुठ्ठ्याचे चक्र यांच्यामध्ये सहा मीटर अंतर ठेवावे आणि मोबाइल बरोबर मध्यावर, तीन मीटरांवर, जरा बाजूला ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करावा. सुटल्याचा आणि लागल्याचा असे दोन्ही आवाज मोबाइलपर्यंत यायला सारखाच वेळ घेतात, त्यामुळे ध्वनीच्या वेगाची वजाबाकी करावी लागत नाही. ध्वनिलेखावर दोन टोकांमध्ये चार दशांश सेकंद दिसले, तर सरासरी वेग सेकंदाला पंधरा मीटर. मग गोळ्याच्या वजनावरून ऊर्जा काढावी आणि ती पाण्याच्या नळीवर वाचलेल्या दाबावरून काढलेल्या कामाशी ताडून पाहावी. हाती येणारी ऊर्जा नेहमी कमीच भरेल. ती कुठे गेली, हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना आठवडाभर पुरतो. यापेक्षा जुनी पद्धत हवी असेल तर १७४२ साली इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्स यांनी मांडलेला झुलता ठोकळा आहेच. चिंध्या भरलेला पुठ्ठ्याचा हलका खोका दोऱ्यांनी टांगायचा, गोळा त्यात रुतवायचा आणि खोका किती उंच उचलला जातो ते पाहायचे. त्यावरून गोळ्याचा वेग कळतो. स्पंजच्या गोळ्याने जड खोका हलतही नाही, म्हणून खोका जितका हलका तितका चांगला.

आमच्या लहानपणी वेळूच्या पेरात ओल्या कागदाचे दोन बोळे घालून, मागचा काठीने ढकलून पुढचा उडवण्याचा खेळ घराघरांत होता. दोन बोळ्यांमध्ये कोंडलेली हवा दाबली जाते आणि पुढचा बोळा ‘फट्ट’ करून सुटतो. आजच्या बंदुकीचे तत्त्व तंतोतंत तेच आहे. पण तिथे दाब मुलाच्या मनगटापुरता होता आणि हवा पेरभर होती. टाकी आणि पंप आल्यावर ती मर्यादा गेली. ती मर्यादा यंत्रात पुन्हा मुद्दाम घालावी लागते, एवढेच मी सुचवत आहे.

शेवटी कायद्याचा मुद्दा, कारण त्याचे उत्तर माझ्यासारख्याने द्यायचे नाही. नळीच्या व्यासाची ४.५ मिलिमीटरची अट शब्दशः लावली, तर एका ज्यूलचा स्पंज उडवणारे शाळेतले यंत्रही संशयाच्या कक्षेत येते, आणि ती मुळीच लावली नाही तर शंभर ज्यूलची बटाट्याची तोफही खेळणे म्हणून सुटते. दोन्ही टोके बरोबर नाहीत. पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाने जिल्हा प्रशासनाशी आणि पोलिसांशी बोलून शाळांसाठी एक लेखी सूचना काढावी, अशी माझी विनंती आहे. तिच्यात यंत्राची कमाल ऊर्जा, कमाल दाब, गोळ्याचे वजन व मऊपणा आणि चष्म्याची सक्ती यांचा स्पष्ट उल्लेख असावा आणि कॉम्प्रेसर, ज्वालाग्राही वायू व टणक गोळे यांना पूर्ण मनाई असावी. अशी सूचना निघेपर्यंत मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेतील असा प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी स्थानिक पोलीस स्थानकाला लेखी कळवावे, आणि पालकांनी घरच्या आवारात टाकी व पंप असलेले यंत्र बनवू देऊ नये. आपल्या दैनिकाने या विषयावर संचालनालयाचे म्हणणे मिळवून छापले, तर पुढच्या प्रदर्शनांचे अर्ज भरण्याआधी शिक्षकांना त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
फोंडा, गोवा